नेनेबाई आणि कविताच्या फीची पावती

आमच्या नेनेबाई भाजीवाल्याकडेही पावती मागतात. कर्वेनगरच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला हल्ली त्यांना लांबून पाहिलं की आधी कागद शोधतो, मग मेथी.

मी अकरा वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाक करते. बाई एकट्याच असतात; घरात आवाज असतो तो फक्त पंख्याचा. एकदा ताप आला म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "किती?"

"खूप."

"खूप हा आकडा नाही, सुमन."

मग स्वतःच थर्मामीटर लावला, आकडा वहीत लिहिला आणि दोन दिवस सुट्टी दिली. वाण्यानं चुकून एक साबण जास्त दिला, तर भर उन्हात परत करून आल्या. इतकं सरळ माणूस मी देवळातसुद्धा पाहिलेलं नाही.

माझ्या कविताची कॉलेजची फी दोन वर्षं बाईच भरतात. का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

जुलैत त्यांचे टॅक्सचे कागद करायला कुलकर्णी आले. मी आत कणीक मळत होते. फीची पावती बघून ते खूश झाले.

"अहो बाई, ही दाखवली तर कर कमी होईल. पण स्वतःच्या मुलांचीच फी चालते. कविताला तुमची मुलगी म्हणून टाकून देऊ."

"ती सुमनची मुलगी आहे."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

"मग असला खर्च करूच नका. काय उपयोग?"

"आपण चहा घ्या. गार होतोय."

माझे हात कणकेतच थांबले. कविताचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. बाईंनी हात काढून घेतला असता, तर पोरीला कॉलेज सोडावं लागलं असतं.

कुलकर्णी गेल्यावर कसंबसं विचारलं, "बाई, कविताचं पुढचं वर्ष..."

"पैसे बाजूला ठेवलेत. तिच्या शिकण्याचा आणि माझ्या कराचा काय संबंध?"

मी पाया पडायला वाकले, तर बाईंनी पाय मागे घेतले. "तव्यावर पोळी आहे."

निघताना मी चप्पल घालत होते. बाई उगाचच चष्मा पुसत दाराशी आल्या.

"कविता अभ्यास कुठे करते?"

"घरीच. एकच खोली, त्यात टीव्ही चालू."

"संध्याकाळी इथे बसू दे. पंख्याखाली एक बसली काय नि दोघी बसल्या काय, बिल तेवढंच येतं."

"बरं, बाई."

"आणि मनातल्या मनात वाचायचं नाही म्हणावं. मोठ्यानं वाचायचं."