तावड्यांची आमटी

तावड्यांना "बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. "बाहेरून कळतं का हो?" असं खेकसून ते माणसाला जिन्यातच धारेवर धरत. मुलुंडला ते आमच्या समोरच्या दारात राहायचे. एकटेच, लग्न न केलेले. अल्फा कण कसे मोजावेत याचा विचार करण्याबद्दल एक सरकारी प्रयोगशाळा त्यांना पगार देई.

हायड्रोजनचे भाऊबंद सूर्यासारखे तापवून एकत्र आणले की हे कण निघतात. चुंबकाच्या पिंजऱ्यात ते आत टिकले, तरच भट्टी आपल्या जोरावर तापत राहते. तसली भट्टी तेव्हा, सत्त्याऐंशीच्या सुमाराला, जगात कुठेच पेटलेली नव्हती. बाजारात तुरी, पण तावड्यांचं भांडण आधीच सुरू.

"निसटलेले कण कोणीही मोजेल," ते म्हणत. "आत राहून सगळं तापतं ठेवतात, त्यांची चौकशी कोण करतो? आमचे साहेब म्हणतात, बाहेरून अंदाज बांधा. लाज नाही वाटत?"

त्यांचा उपाय मी जिन्यात उभ्या उभ्या ऐकलेला आहे. आत एक बारीक गोळी मारायची. एखादा कण तिच्यातले इलेक्ट्रॉन उचलतो, त्याचा विद्युतभार जातो, मग चुंबकाला तो अडवता येत नाही. तो बाहेर येतो, आणि आतली खबर कळते.

असेल. माझी तक्रार आमटीची होती. त्या वर्षी त्यांची थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यावर मालवणहून त्यांच्याकडे आली. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून असायची, कुणाशी बोलायची नाही. शेजारणी दारातूनच म्हणत, "आवाज नाही, म्हणजे बऱ्याच असतील." तावडे त्यांच्या अंगावर धावून जात.

स्वयंपाक तावडेच करीत आणि चव बघायला मला बोलावत. कधी मीठ नाही, कधी मूठभर. एकदा चक्क साखर. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला मिठाचा अंदाज नसावा? माझं डोकं फिरलं.

"तावडे, कण राहू द्या. आधी मीठ मोजा," मी एका संध्याकाळी सरळ सुनावलं.

त्यांनी मला हातानेच गप्प केलं. त्या दिवशीची आंबटढाण आमटी वाटीत घेतली, आतल्या खोलीच्या उंबऱ्याआत सरकवली आणि बाजूला उभे राहिले.

मग आतून आवाज आला. "मेल्या, किती कोकमां घातलंस? आवशीन तुका काय शिकवल्यान नाय?"

पाठोपाठ आक्का बाहेर आली. किती वाळली होती. तिने पदर खोचला, भावाला ढकललं आणि गॅसपाशी उभी राहिली. जगाशी भांडणारा तो माणूस मान खाली घालून शिव्या खात होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"काल नुसती ओरडली," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आज बाहेर आली." मग काळजीने विचारलं, "उद्या काय करू हो? मीठ दोनदा झालंय."

मला माझ्या रागाची लाज वाटली.

"उद्या बांगड्याचं तिखलं करा," मी म्हणालो, "आणि ज्यांच्याशिवाय ते होतच नाही, ती तिरफळं विसरा."