किडक्या वांग्यांचं गिऱ्हाईक

रज्जाकचाचा बाजारात किडकी वांगी मागून घ्यायचे. भोक दिसलं की लोक वांगं परत टोपलीत टाकतात, चाचा नेमकं तेच उचलायचे. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून त्या भोकात डोकवायचे.

"भेटली का जी अळी?" भाजीवाली शोभाबाई विचारायची.

"भेटली ना! तब्येतीनं चांगली आहे. दे अर्धा किलो."

"तुमच्यासाठी किडके येचून ठेवले चाचा. पण कोणाले सांगू नका, लोकं मलेच हसतात."

मी कॉलेजसाठी गडचिरोलीच्या जंगलातल्या गावातून चंद्रपूरला आले, ती चाचांच्या दुकानामागच्या खोलीत राहायला. भाजी रोज त्यांच्याकडूनच यायची. पहिल्या दिवशी मी वाटीकडे संशयाने पाहिलं, तर म्हणाले, "अळीनं खाल्लं, ते जिती राह्यली, म्हंजे औषधाचा फवारा जास्त नाई. अळी आपली गवाह आहे, बेटी."

त्या वर्षी बीटी वांग्यावरून सगळीकडे वाद चालू होता. एका जिवाणूचं जनुक वांग्यात घातलेलं. ते वांगं खाल्लं की अळी मरते. चाचांच्या दृष्टीने हा साक्षीदाराचा खूनच होता. आणि कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत सरांनी माझं नाव घातलं, तेही नव्या वांग्याच्या बाजूने.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. घरी आम्ही गोंडी बोलतो. हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. "चाचा, मी नाव काढून घेते," मी म्हटलं.

"काऊन? बस इथी. माह्यासंग भांड."

मग रोज संध्याकाळी दुकानात आमचं भांडण. मोबाइल आल्यापासून घड्याळं घेऊन फारसं कोणी येत नव्हतं, त्यामुळे मध्ये अडथळा नसायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "अळी मरते, त माणसाले काऊन काही होत नाई?" मी पुस्तकातलं सांगायचे. "मोठ्यानं! तिकडच्या पानठेल्यावर ऐकू गेलं पाह्यजे!" शेवटचा प्रश्नही ठरलेला: "अळी गेली. आता वांगं चांगलं आहे हे मी कोणाच्या भरोशावर मानू?" हे माझ्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसले. मी दोन वाक्यं बोलले आणि तिसरं गेलं ते गेलंच. मागून हसू आलं.

तेवढ्यात चाचा उभे राहिले. "एक सवाल आहे!"

सर म्हणाले, "काका, प्रश्न शेवटी."

"शेवटपर्यंत भूलून जाईन ना जी, म्हातारा माणूस." आणि माझ्याकडे वळून जोरात म्हणाले, "अळी मरते, त माणसाले काऊन काही होत नाई?"

उत्तर आपोआप बाहेर पडलं. ते प्रथिन अळीच्या आतड्यात जिथे चिकटतं, तशी जागा आपल्या आतड्यात नसते. मागचं विसरलेलं वाक्यही सापडलं. मी शेवटपर्यंत बोलले. पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

परतताना विचारलं, "चाचा, तुम्ही तर माझ्या विरुद्ध. मग तो शेवटचा प्रश्न का नाही विचारला?"

"तो घरचा सवाल आहे, बेटी. बाहेर काऊन काढू?"

दुकान उघडून त्यांनी भिंग पुसलं. टेबलावर एकही घड्याळ नव्हतं. सरावाच्या वेळी मला बसायला शेजारून आणलेला स्टूल त्यांनी उचलला, परत खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हा आता वापस देऊन देऊ का?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तुही स्पर्धा त झाली."

मी स्टूल त्यांच्या हातातून घेतला आणि बसले.

"घरचा सवाल बाकी आहे ना, चाचा," मी म्हटलं. "विचारा."