तीन लाइनींचा नवरदेव

आज आपणच बोलायचं, असं रामकिसननं गंगापुरात जीपमध्ये बसतानाच ठरवलं आणि सगळा घोळ तिथंच सुरू झाला. एकुलत्या एका पोराचं, शिवमचं लग्न. मुलगी मेघा, सिडकोतली, शिकलेली, नोकरीवाली. अशी सोयरीक हातची जाऊन चालणार नव्हती. शिवम वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तो ड्युटी संपवून परस्पर मुलीच्या घरी येणार होता. तोवर किल्ला रामकिसनच्या ताब्यात. (बायको सरिता शेजारी होती, पण ती आपली पदर सावरत बसलेली.)

"मुलाचं काम कसं काय?" मेघाच्या वडिलांनी, सोमनाथरावांनी विचारलं.

रामकिसन खुर्चीत पुढं सरकला. "लई हुशार पोरगं! आधी एकच लाइन होती त्याची. आता तीन-तीन लाइनी सांभाळतोय!"

सोमनाथरावांचा कप ओठांपाशीच थांबला. "तीन?"

"व्हय! आन् एकेका लाइनीवर वीस-वीस बाया!"

मेघाच्या आईनं नुकत्याच मांडलेल्या पोह्यांच्या बशा गुपचूप परत उचलल्या.

"तुम्हाला... चालतं हे?" सोमनाथरावांनी दबकत विचारलं.

"चालतं? अवो, तिसरी मिळाली तव्हा गावात पेढे वाटले!" पाहुणे पार भारावलेत, असं रामकिसनला वाटलं. (घामच फुटला की त्यांना!) तो आणखी चढला. "माझ्याच्यानं तर त्याच्या वयात एक बी झाली नसती!"

सरितानं कोपर मारलं. रामकिसन समजला, अजून सांगा म्हणतेय.

"लग्नानंतर तरी सोडेल ना?" सोमनाथराव कसेबसे म्हणाले.

"सोडून कसं भागंल? साहेब म्हणले, लग्न होऊ दे, चौथी देतो. रातच्याला!"

सोमनाथराव ताडकन उठले. "पाहुणे, निघा आता. शेवटची जीप चुकेल तुमची." (तेव्हा भर दुपार होती.)

रामकिसन गडबडून उठला. आपलं चुकलं काय, तेच कळेना. "चौथी नको असंल तर नाय सांगू साहेबाला," तो चाचरत म्हणाला. "तिन्हीवर भागवू."

एवढ्यात आतून हसण्याचा स्फोटच झाला आणि डोळे पुसत मेघा बाहेर आली. "बाबा, बसा हो! लाइन म्हणजे पॅकिंगची लाइन. आमच्या कंपनीतही आहेत. त्या बाया खोकी भरतात!"

मग सोमनाथराव असे हसले की चहा धोतरावर सांडला. धोतर रामकिसनचं होतं, पण बोलतो कोण? बशा परत आल्या, वर दुप्पट शेव. शिवम आला. तो आणि मेघा गॅलरीत बोलत उभे राहिले, ते चहा दुसऱ्यांदा उकळला तरी आत येईनात. आले तेव्हा दोघांचेही चेहरे होकार देत होते.

"आणि रामकिसनराव, तुम्ही स्वतः कोणत्या लाइनीत?" सोमनाथरावांनी मोठ्या आदरानं विचारलं.

रामकिसननं घसा खाकरला. पण सरितानं आधी तोंड उघडलं.

"मला बघाया आले तव्हा ह्यांच्या मामानं सांगितलं, पोरगा साखर कारखान्याच्या लाइनीत हाय. माझा बाप लई खूश! लग्न झाल्यावर कळलं, ऊस घालाया गेले होते. गेटाबाहेर, बैलगाड्यांच्या लाइनीत. ते बी सगळ्यात मागं!"