राठोड सरांची शिट्टी

आमच्या कॉन्व्हेंटच्या पीटीच्या राठोड सरांच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली असते, पण शर्यत सुरू करायची शिट्टी ते कधीच वाजवत नाहीत. ती माझ्या हातात कोंबतात. मी मराठी शिकवते. माझी फुंकर फार तर डस्टर झाडण्यापुरती. पण सर ऐकतील तर शपथ. "मॅडम, तुमीच वाजवा. माह्या हातानं नोको."

इतका भित्रा पीटी मास्तर मी दुसरा पाहिला नाही. शर्यतीआधी ते अनवाणी मैदानभर फिरून खडे वेचतात. मग मुलांसमोर उभं राहून एकच धोशा, "पयले ओठ दाखव, मंग धाव!" ओठांचा रंग पसंत पडला तरच सुटका. मुलांनी त्यांचं नाव 'लिपस्टिक सर' ठेवलंय.

स्पर्धेच्या दिवशी ते शाळेतल्या मारियामातेपुढे मेणबत्ती लावतात आणि कळंबच्या चिंतामणीला नारळही बोलतात. प्रिन्सिपल सिस्टर एकदा वैतागून म्हणाल्या, "सर, थोडा विश्वास ठेवा!"

"विश्वास दोघायवरबी हाय, सिस्टर. पन ऊन लय हाय ना."

यंदा यवतमाळच्या जिल्हा स्पर्धेत तीन हजार मीटरला माझ्या वर्गातली मुक्ता होती. दहावीतली. पहिली आली की विभागीय स्पर्धेला निवड. वर्षभर ती त्यासाठीच पहाटे उठत होती.

शेवटची फेरी. मुक्ता सगळ्यांच्या पुढे. मी ओरडून घसा बसवून घेतलेला. तेवढ्यात शेजारून "याडी गं!" अशी किंकाळी आली. सर त्यांच्या बंजारा बोलीत आईचा धावा करत दोरी ओलांडून थेट ट्रॅकवर. हातात पाण्याची बाटली, मुक्ताच्या बरोबरीनं धावताहेत, "थांब, बाई, थांब! ओठ निळे पडले!"

आरडाओरडा ऐकू येत होता, पण मुक्ता सोडून मला काही दिसत नव्हतं.

मुक्ता घाबरून आणखी जोरात पळाली आणि पहिली आली. पंचांनी तिला लगेच बाद केलं. धावणाऱ्यासोबत दुसऱ्यानं पळायचं नसतं. सर मात्र तिचं तोंड धरून ओठच बघत होते. मुक्ता धापा टाकत म्हणाली, "सर... गेटवर कालाखट्टा गोळा खाल्लता."

अख्खं मैदान हसलं. मी नाही हसले.

परतीच्या गाडीत सर मागच्या सीटवर एकटे बसले होते. आज त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी उठून गेले. पण तेच आधी बोलले.

"मॅडम, आमच्या तांड्यावर शर्यत होती. माही धाकटी बहीण धावत होती. बाई म्हनो मी तिले. शिट्टी मीच वाजोलती. तिचे ओठ निळे पडलेले मले दिसलते. तरी म्हनलं, एकच चक्कर राह्यली, धाव."

मी त्यांच्या शेजारी बसले. मुक्ता आमच्या पुढच्याच सीटवर मान खाली घालून ऐकत होती.

शिट्टी अजूनही मीच वाजवते. हल्ली वाजवण्याआधी मीही मुलांच्या ओठांकडे बघते. सरावात मुक्ता दर फेरीला सरांसमोर आली की वेग कमी करते, ओठ पुसते आणि तोंड वर करून दाखवते. तिचं पाहून बाकीची मुलंही तसंच करतात. सर वाकून नीट बघतात, मग हळूच म्हणतात,

"जाय, बाई."