करणीची मडकी

मे उजाडला आणि मिठबावच्या वाडीतली सामायिक विहीर तळाला गेली, तेव्हा मुंबईच्या बँकेतून निवृत्त होऊन आलेल्या गुरुदासने सगळ्यांना अंगणात बोलावून पाणी वाचवण्यावर तासभर भाषण ठोकलं. लोकांनी चहा ढोसला आणि घरी जाऊन विहिरीवरचे पंप सुरू केले. शेजारची मथुरा तर नळीने अंगण धूत होती.

"वयनी, बाव आटली तर पिवचां काय?" गुरुदास ओरडला.

"ता मगे बघूया, भावजीनू. आज धूळ बघा कितकी आसा!"

गुरुदासचा जीव अडकला होता विहिरीलगतच्या आपल्या आंब्याच्या कोवळ्या कलमांत. पाणी संपलं की ती मरणार, आणि निवृत्तीनंतर मिरवायला त्याच्याकडे दुसरं होतं काय? वेंगुर्ल्याच्या शेती शिबिरात ऐकल्याप्रमाणे त्याने प्रत्येक कलमाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि पाण्याने भरलं. पाणी झिरपत मुळांना मिळणार होतं. कचरा पडू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं, तेही बायकोची साडी फाडून, लालभडक. अक्कल बहुधा बँकेतच ठेव म्हणून ठेवून आला होता.

भाषण कोणाच्या कानात शिरलं नव्हतं. लाल फडक्याच्या मडक्यांची बातमी मात्र दुपारच्या जेवणाआधी घरोघरी पोचली. गुरुदासने करणी पुरली, तीही विहिरीला लागून! धास्तीने सगळ्यांनी पंप बंद केले. लोक लांबच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणू लागले, आणि मान मोडून आणलेलं पाणी अंगणावर कोण ओतणार? विहीर मात्र चढू लागली.

शेवटी गुरुदासला देवळात उभं केलं. देवळाचे मानकरी गावकर आबांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ह्यां केल्यान आसात, त्याच्या तोंडातसून खरां भायर काढ!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"बोल गुरुदासा, काय पुरलंस?"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला भरलेली विहीर आठवली.

"करणीच ती," तो म्हणाला.

संध्याकाळी मथुरा मागल्या दाराने आली. "भावजीनू, आमच्या कलमांक कायतरी उतारो सांगा."

"झाडाकडे एकेक मडकी पुरा. बावीचां पाणी कळशेन भरा. पंप लावलात तर उतारो फुकट!"

महिना सरायच्या आत वाडीत मडक्याशिवाय कलम उरलं नाही. गुरुदासला आकाश ठेंगणं झालं. "अडाणी मेले!" तो बायकोला, प्रेमलताला, रोज ऐकवायचा. "मातीच्या मडक्याक भियतत!"

मग एका सकाळी त्याचंच एक मडकं फुटलेलं दिसलं. शेजारच्या कलमाने मान टाकली होती. माडाची भलीमोठी झावळ मडक्यावर आडवी पडली होती. गुरुदासने ती उचलून बाजूला फेकली, खापऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं, हळूच पायातल्या चपला काढल्या आणि घराकडे तोंड करून हाक मारली,

"प्रेमलता, आबांका बोलव गो! कोणीतरी करणी माझ्यार उलटवल्यान!"