झोपेचा रोज

ड्रायव्हर लोक गाडी हाकायच्या आधी चाकाला हात लावून तो कपाळाला नेतात. दगडूबा उस्ताद चाकाला नमस्कार करायचा नाही. तो करायचा फळीला. ज्या फळीवर तो झोपायचा, तिला. पागोटं सोडून त्याची उशी करायची, चपला जोडून ठेवायच्या, फळीला हात लावायचा आणि मला बजावायचं, "मास्तर, मी कामावर चाललो. कुणी भेटाया आलं तर सांग, उस्ताद कामात हाय."

की लगेच घोरणं सुरू.

त्याचं असं होतं. परभणीच्या एका शेठच्या लॉरीवर आम्ही दोघं ड्रायव्हर होतो. जिंतूर-चारठाण्याचा कापूस उचलायचा आणि कधी परभणीच्या जिनिंगला, तर कधी देवगाव फाट्यावरून जालन्याला टाकायचा. हंगामात लॉरी थांबायचीच नाही. एकानं हाकायची, दुसऱ्यानं सीटमागच्या फळीवर झोपायचं, मग अदलाबदल. दिवसाचा रोज दोघांनाही मिळायचा, निजामाच्या हाली रुपयांत. म्हणून उस्तादचा न्याय सरळ होता. "अर्धा रोज चाकाचा, अर्धा रोज फळीचा. ही मालकाची झोप हाय. वाया घालवली तर हरामाची भाकर."

मी मालवणाकडचा. चौथीत शाळा सुटली, पण उस्तादच्या लेखी चौथी म्हणजे फार झालं, म्हणून मी मास्तर. मोगलाईत माझं कुणी नव्हतं, आणि स्वभावानं मी भित्रा. त्यात लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा लॉरीच्या मागं कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली. चढ आला की ती दमेकरी म्हाताऱ्यासारखी धापा टाकायची. फळीवर पडून मी वाट बघायचो, की आता फुटते, मग फुटते. झोप कुठली यायला?

माझं घोरणं ऐकू आलं नाही की उस्ताद गाडी बाजूला घ्यायचा.

"मास्तर, जागायलास का?"

"नाही, उस्ताद."

"झोपलेलं माणूस न्हाई म्हणत नसतंय. पगार घेऊन जागायलास? लाज धर जरा. हातपाय सोड. घरच्या चिंता उशाखाली ठेव, उतरताना घेऊन जा. कुणी नेत न्हाई त्या."

हसू नका. त्या माणसानं मला झोपायला शिकवलं. आई बरी आहे का, मनिऑर्डर पोचली का, हे सगळं मी खरंच उशाखाली ठेवायला लागलो.

त्याच्या स्वतःच्या कामात मात्र तो कुणाची आडकाठी खपवून घेत नसे. एकदा चारठाण्याला त्याचा सख्खा मेव्हणा लॉरीपाशी आला. उस्ताद मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "दाजी, कामावर हाय. सुटी झाल्यावर बोलू." मेव्हणा बिचारा वांग्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून गेला. एकदा देवगाव फाट्यावर पोलिसांच्या अमीनसाहेबांनी छडीनं फळी ठोकली. "कौन सोया है?" आतून आवाज आला, "सोया नहीं साब, काम करायलोय." अमीनसाहेब इतके चक्रावले की लॉरी न तपासताच सोडली.

एक खोड मात्र होती. भर झोपेत मध्येच तो विचारायचा, "मास्तर, कुठवर?" मी सांगायचो, "जिंतूर गेलं, उस्ताद. झोपा." की पुन्हा घोरणं. मला वाटायचं, माझ्या हातावर भरवसा नाही, म्हणून तपासणी चाललीय.

एके दिवशी शेठ स्वतः जिंतूरला यायला निघाले. निघण्याआधी त्यांनी आम्हाला पेढीवर बोलावलं.

"दगडूबा, एक हाकतो आणि एक घोरतो. घोरायचा पगार मी का द्यायचा? आजपासून झोपेचा रोज बंद. तू जुना माणूस. तू एकटा राहा, तुला वाढवून देतो. मास्तरला या खेपेनंतर मोकळं करू."

उस्ताद एवढंच म्हणाला, "बरं."

ते 'बरं' माझ्या काळजात घुसलं. दुसरीकडे काम मिळायची आशा नव्हती. आईला काय कळवायचं?

मी चाक धरलं. शेठ माझ्या शेजारी. उस्ताद आदली सगळी रात्र लॉरी हाकून आलेला, पण फळीवर ताठ बसून राहिला. नमस्कार नाही, पागोटं सोडणं नाही.

"उस्ताद, झोपा ना."

"बिनपगारी झोप आपण घेत न्हाई."

जिंतूर येईपर्यंत तो तसाच बसला. कापूस भरला, शेठचा सौदा झाला, परतीला उस्तादची पाळी आली, मी मागं फळीवर. डोळे लाल गुंजेसारखे. चाकावर बसून त्यानं अशी जांभई दिली की पडजीभ दिसली.

"या शेठ, जवळ बसा. मधीमधी चिमटा काढत जावा."

शेठ हसले. गाडी गावाबाहेर पडली. पुढे उतार, आणि उताराच्या तळाला बिनकठड्याचा पूल.

"शेठ, म्होरं बैलगाडी एक हाय का दोन?"

शेठनी समोर पाहिलं. रस्ता मोकळा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं.

"थांबव! अरे थांबव आधी!"

उस्तादनं गाडी अलगद उभी केली.

"जा बाबा, मागं जाऊन झोप," शेठ म्हणाले.

"पगारी का बिनपगारी?"

शेठनी पुलाकडे पाहिलं. मग उस्तादच्या डोळ्यांकडे.

"पगारी."

"दोघांची?"

"दोघांची, माझ्या बापा! झोप आता!"

"मास्तर, चाक घे." उस्ताद मागं गेला, पागोटं सोडलं, फळीला हात लावला. पूल यायच्या आत घोरणं सुरू. शेठ परभणीपर्यंत रस्त्यावर डोळे रोखून बसले. मला मोकळं करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मागाहून मी विचारलं, "उस्ताद, खरंच बैलगाड्या दिसल्या होत्या का हो?"

"मला काय ठावं? मी झोपेत व्हतो."

पावसाळ्यात काळ्या मातीत लॉरी रुतते, म्हणून काम बंद असायचं. उस्ताद आपल्या गावी, पोखर्णीला गेला. त्याचे पाय धरावेत, एवढंच मनात धरून एका दुपारी मीही गेलो. नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि घर विचारत पोचलो.

घरात तो एकटा. शेजारच्या काकूंनी मला भाकरी-पिठलं वाढलं. खोलीतली बाज भिंतीला उभी करून ठेवलेली.

"बाज उभी का हो, काकू?" उस्ताद पाणी आणायला गेल्यावर मी विचारलं.

"पटकीत ह्येची बायको सरू गेली, तवापासून आडवी केलीच न्हाई त्येनं. ती लय हलक्या झोपेची. ह्यो घोरायचा अन् ती जागी. निजेतबी हाक मारायचा, ती 'हाय मी' म्हनायची. आता रातभर वसरीवर बसून ऱ्हातोय, बगा."

उस्ताद घागर घेऊन आत आला. त्याचे डोळे त्या दिवशी जिंतूरला होते तसेच लाल होते.

मी उठलो. बाज आडवी केली, भिंतीकडे सरकवली. स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसलो, तोंड रस्त्याकडे, पाठ त्याच्याकडे. लॉरीत बसायचो तसा.

"उस्ताद, कामाची वेळ झाली. मी आहे चाकावर."

मग चपला जोडून ठेवल्याचा आवाज आला. मग बाज करकरली. मी मागं वळून पाहिलं नाही. पण त्यानं आधी तिला हात लावला असणार.

समोर एक वासरू बांधलेलं होतं आणि त्याच्यापलीकडे देवळाचं शिखर. दोन्ही जागच्या जागी होती.

"मास्तर," मागून जड झालेला आवाज आला, "कुठवर?"

"चारठाणा मागं पडलं, उस्ताद," मी म्हणालो. "झोपा."