विनिपेगच्या निसरड्या पायरीची मोहीम

विनिपेग शहर, जेथे हिंवाचा अंमल अर्धे वर्ष चालतो आणि मातबरांच्याही मिशा गोठतात, तेथील अकॉर्डियनवादनांत निष्णात, युक्रेनी देवळांतील लग्नांची शोभा, अखंडितप्रतापी स्टेफानियाबाई कोवालिशिन यांजवर जो प्रसंग गुदरला आणि विमेवाल्यांसी झुंजून त्यांनी जे यश संपादिले, ते वर्तमान यथास्थित लिहिले असे.

बाई राहात त्या इमारतीचे पन्हळ फुटके होते आणि त्याचे पाणी दाराच्या पायरीवर गळोन त्याचा बर्फ होत असे. शेजारी डग यांनी मालक कंपनीस वारंवार इशारत दिली; कंपनीने तजवीज होईल ऐसे फर्माविले आणि स्वस्थ बैसली. मग एके प्रातःकाळी बाईंनी पायरीवर पाय ठेविला, तो पायरी फितूर जाहली आणि बाई उजव्या मनगटावर पडल्या. हाड मोडले. अकॉर्डियन मुका जाहला, ते दुःख हाडाहून अधिक.

मग मसलत करून वकील हॅरिएट फ्रीझनबाईंस पाचारिले. त्यांनी करार केला की, फत्ते जाहल्यास चौथाई घेऊ, शिकस्त जाहल्यास तुमचे घरचा चहाही घेणार नाही. मग बर्फ वितळण्याआधी पायरीच्या तसबिरी काढविल्या, डग यांची साक्ष घेतली आणि कंपनीवर नोटीस रवाना केली. कंपनीच्या विमेवाल्यांचे उत्तर आले की, बाईंनी पाहून चालावयाचे होते, जोडे गुळगुळीत होते, आणि मनगट तर केव्हाच बरे जाहले असेल. आणि त्याची शहानिशा करावयास कर्टिस नामे नजरबाज कॅमेऱ्यासुद्धा मोटारीत बसवून बाईंच्या दारासमोर ठेविला.

परंतु त्या रोजी हिंव ऐसे पडले की मोटार बंद पडली आणि नजरबाजाचे ओठ निळे जाहले. बाईंनी खिडकीतून पाहिले. गनिमाचा माणूस, हे त्यांनी कॅमेऱ्यावरून ताडिले होते. तरी बाहेर येऊन काच ठोठावली.

"काय रे, माझ्यावर पाळत ठेवतोयस ना? मग आत येऊन ठेव. इथे गोठून मेलास तर माझ्यावरच दावा लागायचा."

नजरबाज शरमिंदा होऊन आत आला. बाईंनी सवयीने उजव्या हाताने बोर्श्टचे, म्हणजे बिटाच्या साराचे, पातेले उचलिले, तो हात थरथरला आणि लाल रस्सा चुलीवर सांडला.

"मावशी, राहू द्या. मी वाढतो," तो म्हणाला. मग कोपऱ्यातील अकॉर्डियन पाहून विचारता जाहला, "अजून वाजवता?"

"वाजवते की. उजव्या हाताचं गाणं तेवढं मनात म्हणते."

कर्टिस खाल्ल्या अन्नास जागला. विमेवाल्यांकडे जाऊन जे पाहिले तेच सांगितले, आणि न्यायाधीशांनी पुसल्यास हेच सांगेन म्हणाला. तेणेकरून विमेवाले नामोहरम होऊन सलुखास आले. तह ठरला तो ऐसा: बाईंस भरपाई द्यावी; परंतु पायरीवर बर्फ होता हे कंपनी कबूल करीत नाही, आणि बाईंनीही याची वाच्यता करू नये.

डग यांस तरीही तहाची कुणकुण लागली. "म्हणजे स्टेफा, तू पडलीसच नाहीस?"

"छे. मनगट आपणहून मोडलं."

येणेप्रमाणे, नसलेल्या बर्फावर बाईंस फत्ते जाहली, वकिलांस चौथाई पावली, पन्हळ नवे बसले, ऐसे नमूद केले असे. उजव्या हाताची दोन बोटे अद्याप वळत नाहीत. त्यांचा उल्लेख तहात नाही.